वटवाघूळ, बंपर आणि दुरुस्तीचा हक्क

१/ गाडी रिव्हर्सला टाकताच आत जो ‘पीं पीं’ असा इशारा सुरू होतो, त्याचा उगम मोटारींच्या कारखान्यात नाही. त्याचे मूळ अठराव्या शतकातील इटलीत, एका अंधाऱ्या खोलीत उडणाऱ्या वटवाघळांपर्यंत जाते. आणि तो इशारा बंद पडला, तर मालकाला तो स्वतः दुरुस्त करता यावा का, हा वाद आपल्या काळात मतपेटीपर्यंत आणि भारतीय स्पर्धा आयोगापर्यंत पोहोचला. या दोन इतिहासांचा हा थ्रेड. 🧵

२/ लाझारो स्पालांझानी हे पाव्हिया विद्यापीठातील धर्मगुरू व निसर्गशास्त्रज्ञ. १७९३ मध्ये त्यांच्या लक्षात आले की मेणबत्ती विझल्यावर घुबड गोंधळते, वटवाघूळ मात्र निर्धास्त उडत राहते. त्यांनी वटवाघळांची दृष्टी नष्ट करून पाहिली, तरी ती अडथळे चुकवत राहिली. प्रयोग क्रूर होता. त्यामागील तर्क मात्र नेमका होता : एक इंद्रिय वगळा आणि काय बिघडते ते पाहा.

३/ १७९४ मध्ये जिनिव्हाच्या लुई ज्युरीन यांनी वटवाघळांचे कान बंद केले. आता ती अडथळ्यांवर आदळू लागली. स्पालांझानींनी तो प्रयोग स्वतः करून खात्री केली. पण न ऐकू येणाऱ्या आवाजाची कल्पनाच तेव्हा नव्हती. क्युव्हिएसारख्या बड्या शास्त्रज्ञाने हे सारे स्पर्शज्ञानाचे काम ठरवले आणि हा निष्कर्ष जवळजवळ दीड शतक मागे पडला.

४/ १९३८ मध्ये हार्वर्डचा विद्यार्थी डोनाल्ड ग्रिफिन प्रा. जॉर्ज पियर्स यांच्या यंत्रासमोर वटवाघळे घेऊन गेला. माणसाच्या कानापलीकडचे ध्वनी पकडणारे ते यंत्र खणखणीत बोलू लागले. वटवाघूळ ओरडते आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून वाट काढते, हे पुढील प्रयोगांतून सिद्ध झाले.

५/ दरम्यान माणसाने तीच युक्ती दुसऱ्या वाटेने गाठली होती. १८८० मध्ये पिएर व जाक क्युरी या भावांनी दाखवले की क्वार्ट्झसारख्या स्फटिकावर दाब दिला की विद्युतभार निर्माण होतो. याचे उलटही खरे ठरले : वीज दिली की स्फटिक थरथरतो. म्हणजे एकच तुकडा तोंडही होऊ शकतो आणि कानही.

६/ १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली. १९१४ मध्ये रेजिनाल्ड फेसेंडन यांनी अटलांटिकमध्ये प्रतिध्वनीवरून हिमनग ओळखून दाखवला. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांचा शोध घेण्यासाठी पॉल लांजव्हँ यांनी क्वार्ट्झचा वापर करून श्रवणातीत ध्वनी पाण्यात सोडला. आजच्या बंपरमधील सेन्सर हा त्याच कुळातला. क्वार्ट्झची जागा पुढे स्वस्त सिरॅमिक चकतीने घेतली, एवढाच मुख्य फरक.

७/ हे तंत्र सामान्य माणसाच्या हाती आले ते कॅमेऱ्यातून. १९७८ मध्ये पोलरॉइडने ध्वनीने अंतर मोजून फोकस साधणारा कॅमेरा बाजारात आणला. त्यातील अंतर मोजणारा भाग कंपनीने प्रयोगकर्त्यांनाही विकला आणि हौशी मंडळींच्या यंत्रमानवांना ‘डोळे’ मिळाले. अभियांत्रिकीचे विद्यार्थी आर्डुइनोला जोडतात ते एचसी-एसआर०४ मॉड्यूल याच परंपरेतले.

८/ मोटारीत हे तंत्र आणण्याचा मान सहसा जपानच्या टोयोटा कोरोनाला, १९८२ साली, दिला जातो. २००३ मध्ये त्याच कंपनीच्या प्रियसमध्ये स्टिअरिंग आपोआप फिरवून गाडी लावणारी यंत्रणा जपानी ग्राहकांना मिळाली. भारतात १ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या प्रवासी मोटारींत मागील पार्किंगचा इशारा देणारी सोय सक्तीची झाली. एकेकाळची चैन अशा रीतीने घरोघरी पोहोचली.

९/ यंत्रणा काम कशी करते? सेन्सर साधारण ४० किलोहर्ट्झ वा त्याहून अधिक वारंवारितेचा ध्वनी सोडतो आणि क्षणात गप्प बसून ऐकतो. २० अंश तापमानाला हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. भिंत १ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन २ मीटर, म्हणजे सुमारे ५.८ मिलिसेकंद. कंट्रोल युनिट हा वेळ मोजते आणि त्यावरून इशाऱ्याची गती ठरवते.

१०/ घंटा वाजवल्यावर ती जशी काही वेळ घुमत राहते, तशी सेन्सरची चकतीही थोडा वेळ थरथरत राहते. तेवढ्यात आलेला प्रतिध्वनी तिला ऐकू येत नाही. म्हणून अगदी जवळच्या अंतराचा नेमका आकडा यंत्रणा देत नाही, नुसता सलग आवाज करते. सेन्सरवर चिखल सुकला किंवा बंपर रंगवताना जाड थर बसला, तर चकतीचे थरथरणेच बदलते. अनेक ‘बिघाड’ ओल्या फडक्याने दूर होतात ते यामुळे.

११/ फडक्याने भागले नाही तर? अनेक गाड्या रिव्हर्स टाकताच नेहमीच्या छोट्या ‘पीं’ऐवजी लांबलचक आवाज देतात. तो बिघाडाचा इशारा. अशा वेळी सपाट जागा, हँडब्रेक, चाकांना दगड, इंजिन बंद, फक्त इग्निशन चालू, रिव्हर्स गिअर आणि ब्रेकवर पाय ठेवून बसलेला सोबती, एवढी तयारी करावी. मग एकेका सेन्सरवर बोट टेकवावे किंवा कान जवळ न्यावा. चालू सेन्सर बहुधा बारीक ‘टिक्-टिक्’ करतो. जो मुका, तो संशयित.

१२/ पण मुका असणे म्हणजे सेन्सरच मेला असे नव्हे. कदाचित त्याच्यापर्यंत वीजच पोहोचत नसेल. इथे स्पालांझानी-ज्युरीन यांचा तर्क कामी येतो. इग्निशन बंद करून संशयित सेन्सर आणि शेजारचा चांगला सेन्सर यांची अदलाबदल करावी. दोष सेन्सरबरोबर सरकला तर सेन्सर खराब. दोष जागेवरच राहिला तर वायरिंग किंवा कनेक्टर. बंपरमागचा कनेक्टर पाणी व धूळ खातो, त्याच्या पिना हिरवट पडतात आणि बंपर काढताना तारा ताणल्या जातात. नवा भाग विकत घेण्याआधी इथे पाहणे शहाणपणाचे.

१३/ नवा सेन्सर त्याच क्रमांकाचा असावा आणि मूळच्याच कोनात बसवावा. तो खाली झुकला तर रस्त्यालाच अडथळा समजतो. दुरुस्तीनंतरची चाचणी मोठ्या रिकाम्या खोक्यावर करावी, माणसावर कधीही नाही. बारीक खांब, मऊ कापड, फार बुटक्या वस्तू यांचा प्रतिध्वनी धड येत नाही, हे चांगल्या यंत्रणेलाही लागू आहे. स्टिअरिंग स्वतः फिरवणाऱ्या यंत्रणेचे सॉफ्टवेअर वा जुळवणी मात्र घरी करू नये. तिथली चूक बंपरपुरती राहत नाही.

१४/ इतके सगळे फडके, कान आणि तर्क यांवर होते. खरी अडचण पुढे येते. कंट्रोल युनिटने ‘मागील डावा सेन्सर’ असा बिघाडाचा कोड नोंदवून ठेवलेला असतो. मग तो वाचून मोकळे का होत नाही? स्वस्त स्कॅनर स्टिअरिंगखालच्या सॉकेटला जोडला तरी अनेकदा तो कोड दिसतच नाही. याचे उत्तर तंत्रात कमी आणि इतिहासात अधिक आहे.

१५/ ते सॉकेट म्हणजे ओबीडी-२. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ते सक्तीचे झाले, पण धुराच्या नियंत्रणासाठी. त्यामुळे इंजिन व प्रदूषण यांच्याशी संबंधित कोड सर्वांसाठी समान ठेवण्यात आले. पार्किंगसारख्या बाकीच्या यंत्रणांची भाषा ज्या त्या कंपनीवर सोडली गेली. कायद्याने दार उघडले ते एकाच खोलीचे.

१६/ याची तुलना फोर्डच्या ‘मॉडेल टी’शी करावी. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. त्यांची मालक-पुस्तिका प्रश्नोत्तरांच्या रूपात होती आणि गाडी खोलणे-जोडणे हे मालकाचे नित्यकर्म मानले जाई. पुढे गाडीत संगणक आला आणि दुरुस्तीचे ज्ञान पुस्तिकेतून सॉफ्टवेअरमध्ये गेले. सॉफ्टवेअरला कुलूप लावता येते.

१७/ या कुलपावर पहिला मोठा घाव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात पडला. २०१२ मध्ये तेथील मतदारांनी मोठ्या बहुमताने कौल दिला की अधिकृत विक्रेत्यांना मिळणारी दुरुस्तीची माहिती व साधने मालकांना आणि स्वतंत्र गॅरेजांनाही विकत मिळावीत. २०१४ मध्ये उत्पादकांनी हे तत्त्व करारान्वये देशभर मान्य केले. २०२० मध्ये त्याच राज्याने गाडीतून बिनतारी पाठवल्या जाणाऱ्या माहितीबाबतही असाच कौल दिला.

१८/ भारतही यात मागे नव्हता, हे फारसे सांगितले जात नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार उत्पादकांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि बिघाड शोधण्याची साधने खुल्या बाजारात मिळू न देणे, हा ठपका होता. आदेशाविरुद्ध अपिले झाली. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षअखेर पोर्टल सुरू केले. मोटारी त्यातील एक क्षेत्र आहेत.

१९/ उत्पादकांचा सुरक्षेचा युक्तिवाद खोटा नाही. स्टिअरिंग आणि ब्रेक यांच्या सॉफ्टवेअरशी खेळणे धोक्याचे आहेच. पण हिरवट पडलेली पिन आणि सुकलेला चिखल यांना तो लागू होत नाही. काय धोक्याचे आणि काय साधे, हे मालकाला कळण्यासाठीही माहितीच लागते. ती नसेल तर दहा मिनिटांच्या कामासाठी अख्खा संच बदलला जातो आणि कोपऱ्यावरच्या गॅरेजमधला अनुभवी मेस्त्री स्कॅनरअभावी हात चोळत बसतो.

२०/ इतिहासाच्या विद्यार्थ्यांना एक विनंती. घरात जुन्या मोटारीच्या, स्कूटरच्या, रेडिओच्या दुरुस्ती-पुस्तिका असतील तर रद्दीत देऊ नका. मालकाला किती सांगितले जाई आणि ते सांगणे कधी थांबले, याचा तो लेखी पुरावा आहे. आपल्याकडे अशी पुस्तिका असेल तर कोणत्या सालची, कोणत्या यंत्राची आणि तिच्यात विद्युत जोडणीची आकृती आहे का, ते खाली अवश्य लिहा.