मद्यविक्री अनुज्ञप्तीचा फेरविचार : पोलीस अहवालापासून अंतिम आदेशापर्यंत

वस्तीतील एखाद्या दारू दुकानाभोवती हाणामाऱ्या, छेडछाड आणि उघड्यावरील मद्यपान वाढले की रहिवाशांची पहिली मागणी असते, 'पोलिसांनी दुकान बंद करावे.' महाराष्ट्रापुरते बोलायचे तर कायमस्वरूपी बंदीचा हा अधिकार पोलिसांकडे नाही. दुकानाची अनुज्ञप्ती, म्हणजे बोलीभाषेतला परवाना, राज्य उत्पादन शुल्क विभाग देतो. ती निलंबित किंवा रद्द करण्याचा निर्णय सर्वसाधारणपणे जिल्हाधिकारी घेतात. पोलीस अहवाल पाठवतात. हा अहवाल कायद्याच्या कोणत्या कलमात बसतो, यावरच पुढचा बहुतेक प्रवास ठरतो. दुकानदाराला सुनावणी किती मिळेल, शुल्क परत मिळेल की नाही आणि आदेश अपिलात टिकेल की नाही, हे सारे त्यावर अवलंबून असते.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत मादक मद्याचा विषय येतो. त्यामुळे प्रत्येक राज्याचा कायदा स्वतंत्र आहे. कर्नाटकात १९६५ चा, तर मध्य प्रदेशात मुळात १९१५ मध्ये झालेला अबकारी कायदा चालतो. बेळगाव किंवा इंदूर येथील वाचकांना कलमांचे क्रमांक वेगळे आढळतील. पण अनुज्ञप्ती रद्द करणे आणि सार्वजनिक शांततेसाठी दुकान तात्पुरते बंद ठेवणे हे दोन वेगळे अधिकार तेथेही आहेत. महाराष्ट्रात १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा लागू असून तो आता 'महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम' या नावाने ओळखला जातो. नाव दारूबंदीचे आणि काम विक्रीच्या नियमनाचे, अशी या कायद्याची गंमत आहे. त्यात विक्री हा बंदीला अपवाद असून तो अनुज्ञप्तीच्या अटींवर टिकून असतो.

या अटी दुकानाच्या प्रकारानुसार बदलतात. विदेशी मद्याची सीलबंद विक्री करणाऱ्या एफएल-२ दुकानात, म्हणजे नेहमीच्या वाईन शॉपमध्ये, जागेवर मद्यपानास परवानगी नसते. देशी दारूच्या सीएल-३ दुकानात ती असते. त्यामुळे गिऱ्हाईक दुकानातच पीत असल्याची तक्रार वाईन शॉपविरुद्ध थेट अटभंग ठरते. देशी दारूच्या दुकानाविरुद्ध तिला तसा अर्थ उरत नाही. ठाण्यातून निघणाऱ्या अहवालात हा फरक नोंदवला गेला नाही, तर सुनावणीत दुकानदाराचा वकील पहिले बोट तेथेच ठेवतो.

कलम ५४ हा नेहमीचा मार्ग आहे. शुल्क थकणे, अनुज्ञप्तीधारकाने किंवा त्याच्या नोकराने अटींचा भंग करणे, या अधिनियमाखाली दोषसिद्धी होणे, धारकाला दखलपात्र व अजामीनपात्र गुन्ह्यात शिक्षा होणे, किंवा अनुज्ञप्ती खोट्या माहितीवर मिळवलेली असणे, ही त्यातील प्रमुख कारणे आहेत. या प्रत्येक कारणाचा रोख दुकान आणि दुकानदाराकडे आहे. रस्त्यावर काय घडते, हे त्यात थेट येत नाही. दुकानापासून पन्नास पावलांवर दोन गिऱ्हाइकांत चाकूहल्ला झाला तर तो गंभीर गुन्हा असतो, पण तेवढ्याने दुकानदाराचा अटभंग सिद्ध होत नाही. सार्वजनिक ठिकाणी नशेत धिंगाणा घालणाऱ्यांवर कलम ८५ खाली होणाऱ्या कारवाईचेही तसेच आहे. आरोपी मद्यपी असतो, विक्रेता नसतो. पोलिसांच्या अहवालात अशा कारवायांची लांबलचक यादी असते आणि वाचणाऱ्याला ती भारदस्त वाटते. मात्र वेळेनंतरची विक्री, अल्पवयीनांना विक्री किंवा दुकानाच्या जागेतच चालू दिलेले मद्यपान, यांपैकी एकाचाही पंचनामा त्या यादीसोबत नसेल तर कलम ५४ चा आधार डळमळीत होतो.

कारणे ५४ मध्ये बसत नसतील, तर कलम ५६ उरते. 'अन्य कोणत्याही कारणासाठी' अनुज्ञप्ती रद्द करण्याची मुभा ते देते. त्यासाठी किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, किंवा कारणे लेखी नोंदवून तत्काळ आदेश काढता येतो. येथे दुकानदाराचा दोष गृहीत नसल्याने उरलेल्या मुदतीचे शुल्क त्याला परत करण्याची तरतूद आहे. कलम ५४ खालील कारवाईत ती सवलत नाही. परिसरातील गुन्हेगारी हाच खरा आक्षेप असेल आणि दुकानदाराने नियम पाळलेले असतील, तर कायद्याच्या दृष्टीने हा मार्ग अधिक प्रामाणिक म्हणावा लागेल. तथापि, तक्रारीचा सूर बहुधा दोषारोपाचा असल्याने प्रकरण ५४ खाली सुरू होते आणि पुराव्याअभावी तेथेच अडखळते.

कलम १४२ तातडीच्या प्रसंगासाठी आहे. सार्वजनिक शांततेच्या हितासाठी आवश्यक वाटल्यास जिल्हाधिकारी ठरावीक वेळ किंवा कालावधीसाठी दुकान बंद ठेवण्याचा लेखी आदेश देऊ शकतात. दंगल किंवा बेकायदा जमाव उद्भवण्याची चिन्हे असतील, तर जागेवर हजर असलेला पोलीस अधिकारीही ते बंद करवू शकतो. पोलिसांना थेट अधिकार मिळतो तो एवढाच. गणेश विसर्जनाच्या काळात जाहीर होणारे 'ड्राय डे' याच कलमाखाली असतात. ही सत्ता अमर्याद मात्र नाही. २०२४ च्या लोकसभा मतमोजणीच्या दिवशी मुंबईत दिवसभरासाठी घातलेली विक्रीबंदी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल जाहीर होईपर्यंतच मर्यादित केली होती. तात्पुरत्या बंदीचे कलम वापरून एखादे दुकान कायमचे मिटवणे, हा उपाय म्हणूनच धोक्याचा ठरतो.

दुकानदाराची बाजू कायद्यात किती भक्कम आहे? मद्यविक्रीचा मूलभूत हक्क नागरिकाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने खोडे डिस्टिलरीज प्रकरणात स्पष्ट केले आहे. मात्र एकदा दिलेली अनुज्ञप्ती मनमानीने काढून घेता येत नाही. समानतेचा अनुच्छेद १४ येथेही लागू असतो. त्यामुळे कारणे दाखवा नोटीस, पोलीस अहवालाची प्रत, उत्तर देण्यास पुरेसा अवधी आणि कारणांसह आदेश यांना महत्त्व येते. दुकानदाराला न दाखवलेल्या गोपनीय अहवालावर बेतलेला आदेश वरच्या पायरीवर टिकणे कठीण असते.

वस्तुस्थिती अशीही आहे की सर्व अटभंगांचा शेवट रद्दीकरणात होत नाही. कलम १०४ नुसार निलंबन किंवा रद्दीकरणाऐवजी ठरावीक रक्कम स्वीकारून प्रकरण मिटवता येते. त्यामुळे एकीकडे दुकान पुन्हा उघडते आणि दुसरीकडे 'कारवाई केली' असे उत्तर तक्रारदारांच्या हाती पडते. दोन्ही बाबी कागदोपत्री खऱ्या असतात.

पोलीस अहवालावर अजिबात अवलंबून नसलेला एक मार्ग महाराष्ट्राने २००८ च्या आदेशाने आखून दिला आहे. गाव किंवा प्रभागातील २५ टक्के महिला मतदारांनी अथवा एकूण मतदारांपैकी तितक्यांनी मागणी केल्यास पडताळणीनंतर गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चिन्हे असतात. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद होते. अटभंग सिद्ध करावा लागत नाही, गुन्हे मोजावे लागत नाहीत. मेख आहे ती 'एकूण' या शब्दात. कामावर गेलेली, माहेरी गेलेली किंवा दबावामुळे घरीच राहिलेली प्रत्येक महिला मतदार हिशेबात उभ्या बाटलीच्या बाजूला जाते.

पोलिसांच्या चिंतेला कायद्यात थेट स्थान देणारी व्यवस्था कशी असते, याचे उदाहरण इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळते. तेथील २००३ च्या परवाना कायद्यात गुन्हेगारी व बेशिस्त रोखणे हे चार उद्दिष्टांपैकी एक आहे. त्या आधारावर पोलीस स्वतः स्थानिक परिषदेकडे परवान्याच्या फेरविचाराचा अर्ज करू शकतात. दुकानावर सूचना लावली जाते आणि २८ दिवस कोणालाही म्हणणे मांडता येते. त्यानंतर परिषदेच्या सदस्यांची समिती सुनावणी घेते. ती अटी कडक करू शकते, परवान्यावर नोंद असलेला व्यवस्थापक हटवू शकते, तीन महिन्यांपर्यंत परवाना निलंबित करू शकते किंवा तो रद्द करू शकते. येथे विचार गुन्हा सिद्ध झाला का याचा नसतो. पुढे तो होऊ नये यासाठी काय करावे याचा असतो. गंभीर गुन्ह्याचा प्रश्न असल्यास वरिष्ठ अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर ४८ तासांत अंतरिम निर्णय घ्यावा लागतो. मात्र नेहमीच्या फेरविचारातील निर्णयाविरुद्ध २१ दिवसांत अपील झाले, तर ते निकाली निघेपर्यंत दुकान चालू राहते.

महाराष्ट्राच्या कलमांत सौम्य उपायांची अशी पायरी-पायरीची मांडणी नाही. त्यामुळे अधिकाऱ्यासमोर बहुधा निलंबन, रद्दीकरण किंवा तडजोडीची रक्कम एवढेच पर्याय असतात. परवानाधारक दुकान बंद झाल्याने मागणी संपत नाही, हेही अनुभवाने दाखवले आहे. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून लागू असलेली दारूबंदी मे २०२१ मध्ये उठवताना राज्य सरकारने अवैध दारू आणि तत्संबंधी गुन्ह्यांतील वाढीचे कारण दिले. २०१५ च्या जून महिन्यात मुंबईतील मालवणी येथे शंभरहून अधिक बळी घेणारी विषारी दारू तर दारूबंदी नसलेल्या शहरात विकली गेली होती.

जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्ध राज्य उत्पादन शुल्क आयुक्तांकडे अपील करता येते. त्यानंतर राज्य शासनाकडे पुनरीक्षण आणि शेवटी उच्च न्यायालय, असा क्रम आहे. या टप्प्यांवर स्थगिती मिळाल्यास दुकान पूर्ववत सुरू होते. आदेशाविरुद्ध धाव घेण्याची वेळ तक्रारदारांवर येते, तेव्हा त्यांच्या हाती असते ती पोलीस ठाण्याने जमवलेली कागदपत्रे. पंचनामे, सीसीटीव्ही चित्रण, जप्तीच्या नोंदी आणि तारखांसह दिलेले तक्रारअर्ज हीच ती शिदोरी. अनुज्ञप्तीचे वर्ष ३१ मार्च रोजी संपते आणि नूतनीकरणाचा अर्ज त्याआधी येतो, त्यामुळे ही कागदपत्रे तोपर्यंत विभागाकडे पोहोचलेली असणे तक्रारदारांच्या हिताचे असते.