ओफेलिया : रंगभूमीवर, चित्रात आणि गायनात

शेक्सपिअरचे ‘हॅम्लेट’ हे नाटक इ. स. १६०० च्या सुमाराचे. त्यातील ओफेलिया मोजक्याच प्रवेशांत दिसते. बापाच्या आज्ञेवरून ती हॅम्लेटला दूर करते. पुढे बाप आणि राजा आडून ऐकत असता तिलाच त्याच्यासमोर उभे करण्यात येते. हॅम्लेट तिला झिडकारतो, आणि त्याच्याच हातून तिचा बाप मारला जातो. तेव्हा तिची बुद्धी भ्रमते. तिचा मृत्यू मात्र प्रेक्षकांना दिसत नाही. ती वार्ता राणीच्या मुखातून कळते.

जे नाटककाराने पडद्याआड ठेवले, तेच चित्रकारांना मोहवीत आले. जॉन एव्हरेट मिले याने १८५१-५२ साली ओफेलिया प्रवाहात तरंगताना रंगविली. नदीकाठ त्याने प्रत्यक्ष पाहून चितारला. नायिकेसाठी एलिझाबेथ सिडल हिला पाण्याने भरलेल्या टबात निजविले. पाणी ऊन ठेवणारे दिवे विझले आणि ती बिचारी आजारी पडली! चित्र अप्रतिम आहे. परंतु त्यात फुले आहेत, राजवाडा नाही.

आंब्रोआझ तोमा या फ्रेंच संगीतकाराने १८६८ साली पॅरिसच्या संगीतिकेत तिला विस्तृत गायन दिले. नाटकात अर्धवट ऐकू येणारा तिचा कंठ येथे मुक्त झाला. मात्र या संगीतिकेत हॅम्लेट अखेरीस जिवंत राहून राजा होतो. ओफेलियाच्या वाट्यास मात्र मरणच येते!

आपल्याकडे आगरकरांनी हे नाटक ‘विकारविलसित’ या नावाने १८८३ मध्ये मराठीत आणले. शेक्सपिअरच्या काळी इंग्लंडात स्त्रीभूमिका मुलगे करीत. आगरकरांच्या काळी मराठी नाटक मंडळ्यांतूनही त्या बहुधा पुरुषच करीत. म्हणजे या अबलेचे दुःख दोन्हीकडे प्रथम पुरुषकंठातूनच ऐकू आले.

१९४८ च्या ऑलिव्हिएच्या बोलपटात जीन सिमन्सची ओफेलिया पुन्हा पाण्यावर तरंगते. परंतु कोझिंत्सेव्हच्या १९६४ च्या रशियन चित्रपटात, बापाच्या मृत्यूनंतर शोकवस्त्रे चढविताना दासी तिच्या अंगावर आधी लोखंडी पिंजरा आवळतात. तिच्या वेडाचे कारण तेथे डोळ्यांना दिसते.

सौंदर्याने दुःख सुसह्य होते हे खरे. पण ते कोणी दिले याचा विसरही पडतो. म्हणून मिलेचे चित्र जरूर पाहावे. मात्र त्याआधी नाटक वाचावे, आणि ओफेलियाला आज्ञा कोणकोण करतो ते मोजावे.