काळी जमीन आणि बंडीचे चाक

वाईट वाटेसाठी गाडीचे सस्पेन्शन घरच्या घरी बदलून घेण्याची खटपट जीपबरोबर सुरू झाली, असे मानतात. वऱ्हाडापुरते तरी मला ते पटत नाही. अकोला-अमरावतीकडची बंडी, म्हणजे बैलगाडी, गावचे सुतार-लोहार जमीन पाहूनच घडवीत. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती पावसात फुगते, चिकटते. उन्हाळ्यात तिला पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथला कापूस सुमारे पाचशे मैलांवरच्या मिर्झापूरला जाई तो मुख्यतः बैलांच्या पाठीवर लादून. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली आणि लांबचा पल्ला तिने उचलला. शेतापासून बाजारापर्यंतची, स्टेशनापर्यंतची वाट मात्र बंडीकडेच राहिली, आणि तीच सगळ्यांत अवघड होती.

बंडीला स्प्रिंगचे पाटे नव्हते, मग सस्पेन्शन कसले, असे कोणी विचारील. पण मोठ्या व्यासाचे चाक भेगेत कमी उतरते, ढेकूळ सहज चढते. अरुंद लोखंडी धाव वरचा चिखल कापून खालच्या टणक थरावर टेकते. लाकडाची लवचीकता आणि सांध्यांतली थोडी ढिलाई हादरा वाटून घेई. माणसांच्या दमणीत गवत आणि गोधडी असे. बैलांच्या मानेवर मात्र जुवातून धक्के बसतच, आणि हा या रचनेचा खरा दोष होता. त्याच धावेने पक्क्या सडकाही फुटत. बंगळूरच्या आयआयएमचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी १९७० नंतर बैलगाडी सुधारण्याचा आग्रह धरला तो बैलांचे हे हाल पाहूनच. हवेची टायरे आली, भंगारातल्या मोटारींचे आस लावून टायरबंड्या तयार झाल्या, आणि सडकेवर त्यांनी बाजी मारली हे उघड आहे. म्हणून जुनी बंडी अडाणीपणाची होती असे म्हणता येत नाही. ओल्या काळ्या रानात रुंद टायरला चिखलाचे थर चढतात, बाभळीचा काटा ट्यूब फोडतो. तिथे धावेला पंक्चर ठाऊक नव्हते. चाकाची परीक्षा ते ज्या जमिनीवर चालायचे तिथेच घ्यायला हवी.

ट्रकचा मोडका पाटाही वाया गेला नाही. त्याचे पोलाद कसदार, हे ओळखून लोहारांनी तो भट्टीत तापवला, ठोकून वखराची पास केली, आणि ती पुन्हा त्याच काळ्या मातीत चालू लागली.