कापसाच्या धुळीचा विकार आणि आठवड्याची सुट्टी

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेली सूतगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली, आणि मुंबईत गिरणधंद्याचा पाया घातला गेला. या धंद्याच्या इतिहासाची साधने विपुल आहेत : आयोगांचे अहवाल, संपांचे वृत्तान्त, पगाराचे तक्ते. गिरणीतील धूळ ज्याच्या छातीत साठत गेली, त्या कामगाराच्या श्वासाचा इतिहास मात्र त्या मानाने अल्पच लिहिला गेला आहे.

हा विकार अज्ञात होता असे नाही. ताग व अंबाडीसारखे तंतू विंचरणाऱ्यांना धुळीमुळे खोकला व दमा जडतो, हे इटलीतील वैद्य रामाझ्झिनी याने १७०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नोंदविले आहे. मँचेस्टरच्या सूतकामगारांच्या छातीच्या दुखण्याचे वर्णन डॉ. के याने १८३१ मध्ये केले, आणि १८७७ मध्ये फ्रेंच वैद्य प्रूस्त याने या रोगास ‘बिसिनोसिस’ हे नाव दिले. परंतु नाव मिळाल्याने रोग सिद्ध होत नाही. क्ष-किरणाच्या चित्रात त्याची स्वतंत्र खूण उमटत नाही. अखेरच्या अवस्थेत तो जुनाट श्वासनलिकादाहासारखाच दिसतो. त्यामुळे दोष कधी विडीवर, कधी कोंदट खोलीवर, तर कधी क्षयावर ठेवणे सोपे जाई.

या रोगाचे एकच लक्षण त्याला इतरांपासून वेगळे करते, आणि ते कालाचे आहे. ब्लोरूम व कार्डिंग खात्यात, जेथे धूळ सर्वांत दाट असते, तेथे काम करणाऱ्याची छाती सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी आवळल्यासारखी होते. पुढील दिवशी त्यास बरे वाटते. पुढे हा त्रास मंगळवारी, बुधवारीही होऊ लागतो, आणि अखेरीस श्वासाची क्षमता कायमची उणावते. ब्रिटिश संशोधक शिलिंग यांनी १९५० नंतरच्या दशकात लँकेशायरच्या गिरण्यांत नेमका हाच प्रश्न पद्धतशीरपणे विचारला : त्रास आठवड्याच्या कोणत्या दिवशी होतो? उत्तरांवरून त्यांनी रोगाच्या पायऱ्या ठरविल्या. रोच यांच्यासह १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यांनी हवेतील धूळ मोजून तिचा रोगाच्या प्रमाणाशी संबंध दाखविला. अशा रीतीने कामगाराची तक्रार हीच पुराव्याच्या पदवीस पोहोचली, आणि धूळ किती कमी करावी हा प्रश्न मोजमापाच्या कक्षेत आला.

येथे मुंबईच्या इतिहासातील एका घटनेचे स्मरण होणे साहजिक आहे. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांस कामावर घेण्यास मनाई केली. परंतु प्रौढ कामगारास साप्ताहिक सुट्टी दिली नाही. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने भरलेल्या सभांतून सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यात रविवारची सुट्टी मागितली होती. तसेच कामावर जखमी झालेल्यास तो बरा होईपर्यंत पगार मिळावा, हीही मागणी होती. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. ही मागणी विश्रांतीसाठी होती, रोगनिदानासाठी नव्हे. तथापि जेथे सर्व दिवस सारखेच असतात, तेथे पहिल्या दिवसाचा त्रास वेगळा ओळखू येणे कठीण. रविवारने सोमवारला अर्थ दिला, असे म्हणता येईल.

कायदा मात्र मागे राहिला. १ जुलै १९२४ पासून अमलात आलेल्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात शिसे व फॉस्फरस यांच्या विषबाधेस व काळपुळीस स्थान मिळाले. कापसाच्या धुळीस मिळाले नाही. डॉ. एस. आर. कामत व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय गिरणी कामगारांची पाच वर्षे तपासणी करून, हा विकार व फुप्फुसाचा इतर जुनाट विकार यांतील भेद तपासणारा अभ्यास १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. १९८४ मध्ये परिशिष्टात बिसिनोसिसचा अंतर्भाव झाला.

तोवर १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने मुंबईचा गिरणधंदा विस्कळीत झाला होता. असंख्य कामगार गिरणीत परतलेच नाहीत. जो गिरणी सोडतो त्याचा सोमवारही सुटतो : उरते ती केवळ कायमची धाप, आणि ती धुळीनेच आली हे दाखविण्याचा भार धाप लागलेल्यावरच पडतो. कामगार कामावर असतानाच त्याची तपासणी, धुळीचे मोजमाप व दोहोंची जतन केलेली नोंद ही तिन्ही एकत्र असतील, तरच हा भार हलका होतो. संशोधन उशिरा झाले तर ज्ञानात भर पडते. ज्याच्या छातीवर ते आधारलेले असते, त्याला मात्र त्याचा लाभ होत नाही.