बारावा खेळाडू

बाळ ज. पंडित यांचे क्रिकेटचे मराठी समालोचन ज्यांनी कानांत प्राण आणून ऐकले, त्यांना रेडिओवरच्या आवाजाशी जडणारे नाते वेगळे समजावून सांगायला नको. असाच एक आवाज हंगेरीत होता, ग्यॉर्गी सेपेशी यांचा. पुश्काश, कोचिश, हिदेगकुटी यांच्या सुवर्णसंघाचा बारावा खेळाडू असे त्यांना म्हणत.

सेपेशींचा जन्म ५ फेब्रुवारी १९२२ रोजी बुडापेस्टच्या एका ज्यू कुटुंबात झाला. दुसऱ्या महायुद्धात हंगेरीतल्या ज्यू तरुणांना सक्तीच्या श्रमासाठी नेले गेले, त्यांत तेही होते. १९४४ च्या मे ते जुलै या काळात त्या देशातून चार लाखांहून अधिक ज्यूंना गाड्यांत कोंबून बाहेर पाठवले गेले आणि त्यांतले बहुतेक ऑशविट्झला पोहोचले. वाचलेल्या तरुणाला १९४५ साली आलेले लाल सैन्य काय वाटले असेल, याचा विचार आधी करावा आणि मग त्याच्या पुढच्या आयुष्याबद्दल मत बनवावे. त्याच वर्षी सेपेशी रेडिओत दाखल झाले. पुढे कम्युनिस्ट पक्षाने सगळी सत्ता हाती घेतली आणि रेडिओही पक्षाचा झाला.

त्या रेडिओवर उत्पादनाचे आकडे सांगितले जात, नेत्यांची स्तुती होई. ऐकणाऱ्यांचा त्यावर विश्वास किती होता, हे सांगायला नकोच. पण सामन्याचा निकाल पक्षाच्या कचेरीत ठरत नसे. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी वेंब्लीवर हंगेरीने इंग्लंडला ६-३ असे हरवले. ब्रिटिश बेटांबाहेरच्या एकाही संघाला तोवर इंग्लंडच्या भूमीवर हे जमले नव्हते. हिदेगकुटीने पहिल्याच मिनिटात गोल केला आणि पुढे आणखी दोन केले. मायदेशी ही बातमी पोहोचली ती सेपेशींच्या आवाजात. धास्तावलेल्या, टंचाईने गांजलेल्या लोकांना त्या दिवशी रेडिओवर निखळ खरे असे काही ऐकायला मिळाले. लोकांनी या आवाजावर जीव का लावला, त्याचे उत्तर मला इथे सापडते.

४ जुलै १९५४ रोजी बर्नला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. आठ मिनिटांत २-० अशी आघाडी घेऊनही हंगेरी पश्चिम जर्मनीकडून ३-२ ने हरली. तेही याच आवाजाला सांगावे लागले. संतापलेले लोक बुडापेस्टच्या रस्त्यांवर उतरले.

आम्ही होमिओपॅथीवाले रोग्याची केस घेतो तेव्हा तो काय सांगतो याच्याइतकेच तो काय टाळतो हेही टिपून ठेवतो. सेपेशींची केस घ्यायची तर मौनाचा रकानाही भरावा लागेल. शांदोर स्यूच हा राष्ट्रीय संघाचा बचावपटू देश सोडण्याच्या प्रयत्नात पकडला गेला आणि ४ जून १९५१ रोजी त्याला फाशी दिली गेली. बर्नच्या पराभवानंतर गोलरक्षक ग्रोशिचवर हेरगिरीचा आरोप ठेवून त्याला ताब्यात घेतले. समालोचकाच्या माइकसमोर या गोष्टींना जागा नव्हती.

२३ ऑक्टोबर १९५६ च्या रात्री विद्यार्थी रेडिओच्याच इमारतीपुढे जमले. आमच्या मागण्या वाचून दाखवा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. तिथे गोळ्या चालल्या. आठवडाभराने त्याच रेडिओने आपण आजवर खोटे बोलत आलो, अशी कबुली दिली. नोव्हेंबरात सोव्हिएत रणगाड्यांनी उठाव चिरडला. पुश्काश, कोचिश आणि त्सिबोर परदेशातून परतले नाहीत. सुवर्णसंघ संपला.

सेपेशी मात्र राहिले. १९७८ ते १९८६ या काळात ते हंगेरीच्या फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष होते आणि १९८२ पासून फिफाच्या कार्यकारिणीवरही. १९८६ च्या मेक्सिकोतील विश्वचषकात सोव्हिएत संघाने हंगेरीचा ६-० असा धुव्वा उडवला. त्याच वर्षी ते अध्यक्षपदावरून पायउतार झाले. २५ जुलै २०१८ रोजी, ९६ व्या वर्षी, ते गेले. तोपर्यंत हंगेरीला पुन्हा एकदाही विश्वचषकाची पात्रता मिळाली नव्हती.

या माणसाला काय म्हणावे? सत्तेचा पोपट म्हटले तर वेंब्लीची दुपार खोटी ठरत नाही. नुसता लाडका समालोचक म्हटले तर स्यूचचा फास नाहीसा होत नाही. त्याने दिलेला आनंद खरा होता, आणि तो आनंद राजवटीच्या उपयोगी पडला हेही खरे. आणीबाणीतली आकाशवाणी आपल्यापैकी अनेकांनी ऐकली आहे. बातम्यांवर भरवसा नसताना गाण्यासाठी, सामन्यासाठी आपण तोच संच लावत होतो. त्या आवाजांनी काय काय गाळले, हे आपणही तेव्हा विचारले नव्हते. म्हणून सेपेशींच्या मौनाचा हिशेब मांडताना ऐकणाऱ्याचा रकाना कोरा ठेवू नये, एवढेच सुचवतो.