एकाच बेटावरचे दोन पक्षी

इंग्रजी शिकलेल्या मनुष्यास राबिन्सन क्रूसोची गोष्ट ठाऊक नाहीं असें सहसा होत नाहीं. त्या कथेस ज्याच्या अनुभवाचा आधार मिळाला असें मानितात, तो अलेक्झांडर सेल्कर्क नांवाचा स्कॉच खलाशी १७०४ पासून १७०९ पर्यंत एका निर्जन बेटावर एकटा राहिला. हें बेट हुआन फर्नांडेझ द्वीपसमूहांत, चिलीच्या किनाऱ्यापासून सुमारें ६७० किलोमीटर दूर आहे. १९६६ पासून त्यास क्रूसोचेंच नांव मिळालें आहे. आम्हांस मात्र आज तेथील दोन हमिंगबर्ड पक्ष्यांविषयीं लिहावयाचें आहे. तथापि त्यांच्या इतिहासांतून मनुष्यास वगळतां येत नाहीं, हें वाचकांस पुढें दिसेलच.

हमिंगबर्ड हा केवळ अमेरिका खंडांतील पक्षी. आपल्या बागेंतील शिंजिराप्रमाणें तोहि फुलांतील मध पितो. पण शिंजीर बहुधा फांदीवर बसून पितो, तर हा पंख अतिवेगानें हालवीत अधांतरीं स्थिर राहून. कुळें निराळीं, आहार मात्र सारखा.

ह्या बेटावर त्याच्या दोन जाती नांदतात. एक अगदीं सामान्य: पाठ हिरवी, वजन पांच-सहा ग्रॅम, आणि नराच्या माथ्यावर निखाऱ्यासारखी चमक. तिचा संचार चिली व आर्जेंटिना येथील अरण्यांतून थेट टिएरा डेल फ्युएगोपर्यंत आहे. कॅप्टन फिलिप पार्कर किंग ह्यांस मॅगेलनच्या सामुद्रधुनींत बर्फ पडत असतांहि हा चिमुकला जीव बागडतांना दिसला होता. दुसरी जात ह्या एका बेटावांचून आज पृथ्वीवर कोठेंहि नाहीं. तिचा नर अकरा ग्रॅमांचा व दालचिनीच्या रंगाचा. मादी लहान, वर हिरवी व खालीं पांढरी. दोघांत इतका भेद कीं, १८३१ सालीं किंगनें त्यांचें वर्णन दोन स्वतंत्र जाती म्हणून केलें, आणि मादीस आपला दिवंगत सहकारी कॅप्टन स्टोक्स ह्याचें नांव दिलें!

ह्या कोड्याचा विचार वॉलेसनें १८७८ सालीं केला. त्याच्या मतें मुख्य भूमीवरील पूर्वज बेटावर दोनदां आले. फार पूर्वीं आलेल्यांचे वंशज बदलत जाऊन ही निराळी जात झाली. मागाहून आलेले होते तसेच राहिले. म्हणजे दुर्मिळ पक्षी हा जुना रहिवासी आणि सामान्य पक्षी हा अलीकडचा पाहुणा.

मग जुन्या रहिवाशावरच संकट कां यावें? तो दुर्बळ आहे म्हणून म्हणावें, तर फुलांवरून हा मोठा नर लहान पाहुण्यास हुसकून लावतो. कारण दुसरीकडे आहे. सेल्कर्कचे प्राण वांचविले ते पूर्वीं सोडलेल्या बकऱ्यांनीं. जहाजांतून उतरलेले उंदीर रात्रीं त्याचे पाय कुरतडीत. त्यांच्या बंदोबस्तास त्यानें मांजरें माणसाळविलीं. ज्या प्राण्यांच्या बळावर एक मनुष्य तगला, तेच पक्ष्यास घातक ठरले. बकऱ्यांनीं झाडोरा खाल्ला, मांजरांनीं पक्षी मारले. १८७७ पासून कायमची वस्ती झाली. ससे आले, युरोपांतील काटेरी ब्लॅकबेरी रानभर पसरली, आणि ज्या देशी फुलांवर हा पक्षी पोसला जाई तीं मागें हटलीं. शेजारच्या दुसऱ्या बेटावर त्याची एक शाखा होती. १९०८ नंतर ती कोणास दिसलेली नाहीं.

पाहुण्यास हेंच सर्व सोसावें लागलें. पण येथें त्याचा नाश झाला तरी समुद्रापलीकडे त्याचीं हजारों घरटीं आहेत. जुन्या रहिवाशानें मात्र एका भूमीशीं एकरूप होतांना दुसरें घर ठेविलेंच नाहीं. परकें शिरलें नव्हतें तोंवर हाच त्याचा विजय होता. १९३५ पासून द्वीपसमूह राष्ट्रीय उद्यान आहे. परकीं झुडपें उपटून देशी झाडें लावण्याचें कामहि तेथें चालूं आहे. क्रूसो वाचणाऱ्या आमच्या मुलांस ही उत्तरकथाहि सांगावी, असें आम्हांस वाटतें. एका माणसाच्या सुटकेची किंमत कोण देत राहिलें, तें त्यांस कळेल.