पाळीची वही

स्मरणिका समितीने मला 'सोसायटीचा इतिहास' लिहायला सांगितला. सगळं आयुष्य बँकेत गेलेला माणूस, त्यामुळे आधी दप्तर काढून बसलो. नोंदणी, प्लॉटचे वाटप, बोअर, रस्त्यावरचे दिवे, कंपाउंड, सगळ्यांचे ठराव इतिवृत्तात व्यवस्थित आहेत. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. पण ज्या गोष्टीमुळे आपली घरे खऱ्या अर्थाने एकमेकांची झाली, तिची एकही ओळ त्यात नाही. ती गोष्ट म्हणजे लेकरांना शाळेत पोचवण्याची पाळी. म्हणून तेवढाच इतिहास इथे लिहितो. बाकीचा दप्तरात आहेच.

सुरुवात जरा मागून करावी लागेल. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. निजाम सरकारने १९३२ साली २७ गाड्यांवर सरकारी मोटारसेवा सुरू केली होती. पण आमच्या वडिलांच्या पिढीला शाळेसाठी मोटार ठाऊक नव्हती. शिकायचे तर पायी जायचे, नाही तर मोठ्या गावात नातेवाइकांकडे राहायचे. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६१ मध्ये इकडची बससेवा एसटी महामंडळात सामील झाली. तेव्हा मी शाळेत होतो.

आमच्या गावाला पुढे मुक्कामी गाडी सुरू झाली. रात्री यायची, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात झोपायचे आणि सकाळी साडेसहाला गाडी सुटायची. दूध, आजारी माणूस, कोर्टाची तारीख असलेला शेतकरी आणि शाळेची पोरं, सगळे तिच्यातच. पावसाळ्यात मात्र आपली काळी माती. चिखल झाला की गाडी फाट्यावरूनच परत फिरायची. मग चपला हातात घेऊन फाट्यापर्यंत पायी. संध्याकाळची गाडी चुकली तर ओळखीच्या घरी मुक्काम. आम्हा पोरांना त्यात गंमतच वाटायची.

माझ्या धाकट्या बहिणीला ती गंमत मिळाली नाही. ती चौथी पास झाली तेव्हा गावात पुढचा वर्ग नव्हता. मी नायगावात मामाकडे राहून शिकत होतो. तिच्याबद्दल आजोबांनी एकच प्रश्न विचारला, "पोरगी कुणाच्या सोबतीनं जाईल?" उत्तर कुणाकडेच नव्हते. शाळा संपली. पुढे कितीतरी वर्षांनी ती खाते उघडायला आमच्या शाखेत आली. मी सवयीने शाईचा पॅड पुढे केला. तिने तो बाजूला सारला आणि एक एक अक्षर काढून सही केली. चौथीतल्या मुलीचे अक्षर होते ते, जिथे थांबले तिथेच राहिलेले. त्या दिवशी मला कळले, शाळेचे अंतर किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. सोबत आहे की नाही, यावर ते ठरते.

सरकारलाही हे उमगत गेले. विद्यार्थ्यांना एसटीचा पास एक-तृतीयांश भाड्यात मिळू लागला. नव्वदच्या दशकात ग्रामीण मुलींसाठी अहिल्याबाई होळकर यांच्या नावाने मोफत पासाची योजना आली. २०११ नंतर मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत मुलींसाठी धावू लागल्या. शिक्षण हक्क कायद्याच्या राज्याच्या नियमांनी प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक तीन किलोमीटरच्या आत असावी, असे ठरवले. हे सगळे चांगलेच झाले. पण पास हातात आहे आणि गाडीच नाही, तर त्या पासाचे काय करायचे?

आता आपल्या सोसायटीकडे येतो. सोसायटी नोंदली गेली तेव्हा नायगाव नुकतेच बिलोलीतून वेगळे निघून तालुका झाले होते. घरे झाली, पण भोवती सगळे रान. गावातली शाळा मोठ्या रस्त्याच्या पलीकडे. नांदेड-देगलूर रस्त्यावर तेव्हाही हैदराबादकडे जाणारे ट्रक रात्रंदिवस चालायचे. या टोकाला ना शाळेची गाडी यायची, ना ऑटो. आमच्याकडे मिळून दोन स्कूटर, बऱ्याच सायकली आणि चौदा लेकरं.

पहिल्या जूनमध्ये जो तो आपापले पोर घेऊन धावायचा. मग बायकांनीच तोडगा काढला. रोज दोन मोठी माणसे सगळ्यांना घेऊन जातील आणि दुसरी दोन घेऊन येतील. लहान स्कूटरवर, मोठी पायी, रस्ता ओलांडताना सगळी हात धरून. माझी पाळी सोमवार आणि गुरुवारची. बँक साडेदहाला, त्यामुळे सकाळ मला जमायची.

एकदा फजिती झाली. ऑगस्टचा धो-धो पाऊस होता. मला वाटले परतीची पाळी शेजारच्यांची, त्यांना वाटले माझी. पहिलीतली एक मुलगी साडेसहापर्यंत शाळेच्या पायरीवर एकटी बसून होती. आम्ही पोचलो तेव्हा ती रडत नव्हती. फक्त म्हणाली, "काका, आज कुणाची पाळी होती?" मान खाली घालण्याशिवाय मला काही सुचले नाही.

त्याच रात्री शंभर पानी वही आणली. तारीख, नेणारे, आणणारे, लेकरांची संख्या आणि सही. बँकेत रोकड मोजतात तशी लेकरं मोजायची. निघताना चौदा, पोचल्यावर चौदा. ताळा जुळल्याशिवाय वही मिटायची नाही. ती पाळी सात वर्षे चालली. ज्यांना लेकरं नव्हती त्यांच्याही सह्या त्या वहीत आहेत. पाण्याच्या टाकीवरून दोन घरांचे बोलणे बंद होते, तरी एकमेकांची पोरं त्यांनी एकही दिवस चुकवली नाहीत. पुढे घरोघरी मोटारसायकली आल्या, ऑटो दारात येऊ लागले आणि वही कपाटात गेली.

ती पुन्हा निघाली एसटीच्या संपात. कोरोनानंतर ४ ऑक्टोबर २०२१ ला ग्रामीण भागात पाचवीपासूनच्या शाळा उघडल्या. महिनाभरातच महामंडळाचे शासनात विलीनीकरण करा, या मागणीसाठी कर्मचारी संपावर गेले आणि नोव्हेंबरात राज्यभर गाड्या थांबल्या. कर्मचाऱ्यांचे हालही खरे होते, त्याबद्दल मी वावगे बोलणार नाही. शासनाने ८ नोव्हेंबरला खासगी बस, स्कूल बस, एवढेच नाही तर मालवाहू गाड्यांनाही प्रवासी नेण्याची मुभा दिली. पण त्याचे भाडे कुणी द्यायचे? आपल्याकडे धुणंभांडी करणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, "साहेब, जायला-यायला रोज साठ रुपये मागतोय जीपवाला. नात दहावीला हाय. बसवली घरी."

आम्ही चार-पाच म्हातारे ओट्यावर बसलो होतो. कुणी भाषण केले नाही. एकाने कपाटातून ती वही आणली आणि कोरे पान उघडले. ज्यांच्या घरी गाडी होती त्यांनी दिवस वाटून घेतले. आसपासच्या गावांतल्या दहावीच्या पाच मुलींना आणायचे आणि संध्याकाळी घरी सोडायचे. त्या वर्षी मंडळाने शाळा तिथे परीक्षा केंद्र ठेवले होते आणि १५ मार्चला दहावीची परीक्षा सुरू झाली. पाचही जणी त्या दिवसांत आपल्या वरच्या रिकाम्या खोलीत राहिल्या. डबा घरोघरून. उच्च न्यायालयाने कर्मचाऱ्यांना हजर होण्यासाठी दिलेली मुदत २२ एप्रिलची होती. तोवर परीक्षा उरकली होती. पाचही मुली पास झाल्या.

सहावीही एक होती. तिचे गाव थोडे आडवाटेला. आम्ही निरोप धाडेपर्यंत जानेवारी उजाडला होता आणि तिची शाळा सुटली होती. ती परत आली नाही. वहीत पाच नावे आहेत. मला मात्र ते पान पाहिले की सहावीच आठवते. आणि आजोबांचा प्रश्न.

आज सकाळी नऊला आपल्या गेटवर बघा. ऑटोत पोरं कोंबलेली, दप्तरं बाहेर लटकलेली. एकाच शाळेच्या एकाच वर्गात जाणारी चार पोरं चार गाड्यांवरून जातात. आणि समोर फाट्यावर खेड्यातली मुले-मुली उन्हापावसात गाडीची वाट पाहत उभी. त्यांच्या डोक्यावर छप्पर नाही. रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग झाला, वाहने दुप्पट वेगाने जातात. त्यांना सोबत कोण?

म्हणून येत्या वार्षिक सभेत मी दोन ठराव मांडणार आहे. पहिला, रौप्यमहोत्सवी निधीतून, रीतसर परवानगी घेऊन, फाट्यावर मुलांसाठी साधी पत्र्याची शेड उभारावी. दुसरा, शाळा भरताना आणि सुटताना आपल्यापैकी दोघांनी तिथे उभे राहून लेकरांना रस्ता ओलांडून द्यावा. पाळीने. माझे पाय आता पूर्वीसारखे चालत नाहीत, पण उभे राहता येते. वहीत अजून कोरी पाने आहेत. सोमवार आणि गुरुवार माझे धरा.